सायकली ट्रेलरच्या शेपटीला नकोत

ट्रॅव्हल ट्रेलर ओढत सहलीला निघायचं आणि सायकलीही बरोबर घ्यायच्या, तर त्या ट्रेलरच्या मागच्या बंपरला लावाव्यात, असं अमेरिकेत आणि कॅनडात सर्रास सांगितलं जातं. कॅम्पग्राउंडवर शेजारी सांगतो, ट्रेलर विकणारा सांगतो, मंडळाच्या सहलीत भेटलेले अनुभवी काका सांगतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मागे सबंध भिंत मोकळी आहे, खाली चौकोनी पोलादी बंपर आहेच, त्यावर बसणारा अ‍ॅडॅप्टर दुकानात मिळतो, चार बोल्ट आवळले की काम झालं. वर एक वाक्य हमखास जोडलेलं असतं : ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच नेतोय, काही होत नाही.’

हा सल्ला चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. थोडा गैरसोयीचा किंवा थोडा जुना असता तर त्याविरुद्ध एवढं लिहायची गरज नव्हती. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीवर ओझं ठेवायला जी जागा सगळ्यांत वाईट, नेमकी तीच हा सल्ला दाखवतो. करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं बंद झाली तेव्हा इथल्या लोकांनी झपाट्याने ट्रेलर घेतले. २०२१ या एका वर्षात उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या सहलीच्या गाड्या, बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुतेक ओढायच्या होत्या. मराठी कुटुंबंही त्या लाटेत आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याआधी कधी काही ओढलेलं नव्हतं, त्यामुळे पहिला जो सल्ला कानावर पडतो तोच नियम होऊन बसतो.

आधी त्या बंपरबद्दलच बोलू. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत अमेरिकेतल्या बहुसंख्य आरव्ही बनतात. तिथून निघणाऱ्या साध्या ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी नळी. तिचा पत्रा पातळ असतो आणि ती ट्रेलरच्या चौकटीच्या दोन तुळयांच्या टोकांना वेल्ड केलेली असते. नळीच्या दोन्ही तोंडांना प्लास्टिकची झाकणं असतात, कारण आतल्या पोकळीत मैलापाण्याचा पाइप ठेवायचा असतो. बऱ्याच ट्रेलरवर जादा टायरही याच नळीला लटकवलेला असतो, म्हणजे सायकली यायच्या आधीच तिच्यावर पंचवीस-तीस किलो चढलेले असतात. मोटारीच्या बंपरसारखी धडक सोसण्यासाठीही ती घडवलेली नाही. अनेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत लिहितात की या बंपरवर काहीही जोडू नका, किंवा फार थोडं जोडा. विक्रेता ती पुस्तिका ड्रॉवरमध्ये ठेवून देतो आणि अ‍ॅडॅप्टर काउंटरवर मांडतो.

‘पोलाद आहे, सत्तर-ऐंशी किलो सहज पेलेल,’ असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सरळ खाली दाबणारं वजन असतं. सायकलींचं वजन तसं खाली दाबत नाही. रॅक बंपरपासून मागे दीड-दोन फूट बाहेर आलेला असतो आणि सायकली त्याच्या टोकाला असतात. म्हणजे नळीवर दाब येतोच, शिवाय पीळही येतो. दर खड्ड्याला नळी मागच्या बाजूने खाली फिरायला बघते आणि लगेच परत येते. पातळ पत्र्याची नळी दाब बऱ्यापैकी सोसते, पण हा उलटसुलट पीळ तिच्या दोन टोकांच्या वेल्डवर जाऊन साठतो. वेल्ड एका झटक्यात तुटत नाही. त्याला आधी केसाएवढी चीर जाते, ती रंगाखाली दिसत नाही, आणि काही हजार मैल ती मुकाट्याने वाढत राहते. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या ट्रेलरखाली ती चीर आज कुठवर पोचली आहे, हे त्याने कधी गुडघ्यावर बसून, तार-ब्रश मारून पाहिलेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, मग बंपर सोडा, चौकटीला थेट रिसीव्हर, म्हणजे रॅक खुपसायची चौकोनी खोबण, वेल्ड करून घेऊ. हा मुद्दा रास्त आहे. चौकटीला नीट बसवलेला रिसीव्हर बंपरपेक्षा कितीतरी बरा, आणि काही ट्रेलरना तो कारखान्यातूनच येतो. पण त्याने फक्त रॅक तुटून पडण्याचा प्रश्न मिटतो. दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे आणि वेल्डिंगने त्यावर काडीचाही परिणाम होत नाही. तो आहे भार कुठे आहे याचा.

ट्रेलर दोन ठिकाणी टेकतो : चाकांवर आणि ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या जोडणीच्या, म्हणजे हिचच्या, बॉलवर. ट्रेलरचा पुढचा त्रिकोणी भाग, ज्याला सगळे टंग म्हणतात, त्याने त्या बॉलवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार टाकायला हवा, हा अमेरिकेतला सर्वमान्य हिशेब आहे. तो भार दहा टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डोलायला प्रवृत्त होतो. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, म्हणून भरतानाच तो थोडा भार धुरेकडे राखतो. बैलगाडी चालीच्या वेगाने जाते. आपण ताशी साठ मैलांनी जातो.

एक हिशेब मांडतो, आकडे नेहमीच्या मधल्या आकाराच्या ट्रेलरचे आहेत. पंचवीस फुटी ट्रेलर, सामानासकट वजन २,३०० किलो, टंगचा भार २७५ किलो, म्हणजे बारा टक्के. अगदी ठीकठाक. बॉलपासून चाकांच्या मध्यापर्यंत १६ फूट, चाकांपासून बंपरपर्यंत ९ फूट, आणि रॅकवरच्या सायकली त्याच्याही मागे २ फूट. दोन ई-बाइक प्रत्येकी २७ किलोच्या आणि मजबूत रॅक २६ किलोचा धरला तर ८० किलो झाले. चाकांच्या मागे ११ फुटांवर ठेवलेले हे ८० किलो पुढचं टोक किती उचलतील? ८० गुणिले ११ भागिले १६, म्हणजे ५५ किलो. टंगचा भार २७५ वरून २२० वर आला आणि ट्रेलरचं एकूण वजन २,३८० झालं. टक्केवारी नऊच्या जरा वर. सकाळी घरून निघताना जो ट्रेलर सुरक्षित होता तो दोन सायकली अडकवल्यावर मर्यादेच्या खाली गेला, आणि ट्रकच्या सीटवर बसलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. उलट हिचवरचं वजन कमी झाल्याने ट्रकचं बूड जरा वर येतं आणि गाडी ‘हलकी चालतेय’ असं वाटतं.

त्या हलकेपणाची परीक्षा उतारावर होते, किंवा शेजारून मोठा ट्रक हवेचा झोत मारत पुढे जातो तेव्हा. ट्रेलरची शेपटी एका बाजूला जाते, मग दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. ट्रक आणि ट्रेलरच्या प्रत्येक जोडीला एक वेग असतो ज्याच्या खाली हेलकावे आपोआप विरतात आणि ज्याच्या वर ते वाढत जातात. शेपटीकडे भार टाकणं म्हणजे तो वेग खाली आणणं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात मोटार आणि ट्रेलर यांच्या स्थैर्यावर झालेलं संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. वजनं हवी तिथे सरकवता येतील असा ट्रेलर बनवून संशोधकांनी चाचण्या घेतल्या. ट्रेलर नुसता जड आहे की हलका, यापेक्षा वजन कुठे वाटलेलं आहे, नाकावर किती भार आहे आणि आस कुठे आहे, यांवर वेगातलं स्थैर्य जास्त अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. ‘दोन सायकलींनी दोन टनांच्या ट्रेलरला काय फरक पडणार?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागेवरून विचारलेला आहे. फरक पडतो तो सायकली कुठे आहेत त्याने.

शेपटीवरच्या ओझ्याचा आणखी एक गुण आहे. ट्रेलर आसेभोवती फिरायला लागला की त्याला थांबवण्याची अडचण अंतराच्या वर्गाने वाढते. तेच ८० किलो चाकांपासून एका फुटावर असते, तर त्यांचा या बाबतीतला परिणाम ११ फुटांवरच्या परिणामाच्या १२१ पटींनी कमी असता. इथे एक चोख आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणं बरोबर नाही. टंगवर ठेवलेल्या सायकलीही चाकांपासून दूरच असतात, मग तोच वर्ग तिथेही लागू होत नाही का? होतो. पण पुढे ठेवलेलं ओझं गुरुत्वमध्य पुढे आणतं, टंगचा भार वाढवतं, आणि ते बॉलच्या अगदी जवळ असतं, जिथे ट्रकने ट्रेलरला धरून ठेवलेलं असतं. मागचं ओझं जडत्व वाढवतं आणि पकडही ढिली करतं, दोन्ही एकदम. पुढच्यात तोट्याबरोबर फायदा येतो, मागच्यात तोट्याबरोबर दुसरा तोटा.

यावर ठरलेलं उत्तर असतं : ‘आमच्याकडे स्वे कंट्रोलवाली हिच आहे.’ हे उत्तर मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं, कारण ते चांगलं साधन विकत घेणाऱ्या काळजीवाहू माणसाकडून येतं. वजन वाटणारी हिच टंगवरचा भार ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या आसांवर वाटून देते. जो भार टंगवर नाहीच, तो ती निर्माण करू शकत नाही. घर्षणावर चालणारे डोल-नियंत्रक छोटे हेलकावे लवकर विरवतात आणि ते जरूर लावावेत. पण बाथच्याच चाचण्यांत दिसलं की त्यांचा उपयोग वेग वाढेल तसा कमी होतो. म्हणजे मदत सगळ्यांत जास्त लागते तेव्हाच ती सगळ्यांत कमी मिळते. चुकीच्या जागी ठेवलेल्या ओझ्यावरचा इलाज म्हणून हिच विकली जाऊ नये.

‘मग टॉय हॉलरवाले मागच्या गॅरेजमध्ये मोटारसायकली कशा नेतात?’ असंही विचारतात. ते ट्रेलर तो भार धरूनच आखलेले असतात. रिकाम्या टॉय हॉलरचा टंगचा भार मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, म्हणजे मागे मोटारसायकल चढली की तो योग्य पट्ट्यात यावा. आपल्या घरच्या ट्रेलरची आखणी करताना कुणी शेपटीवर सायकली धरलेल्या नव्हत्या.

आता रॅककडे येऊ. खोक्यावर ‘दोनशे पौंड’ छापलेलं असतं आणि लोक तो आकडा ब्रह्मवाक्य मानतात. तो आकडा मोटारीच्या मागे लावलेल्या रॅकसाठी आहे. मोटारीच्या मागच्या चाकांपासून रॅक तीन-चार फुटांवर असतो आणि मधे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. ट्रेलरच्या शेपटीवर तोच रॅक चाकांपासून अकरा फुटांवर जातो, आणि बहुतेक अमेरिकी ट्रेलरना पानांच्या स्प्रिंग असतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतातच. पुलाच्या सांध्यावरून जाताना ट्रेलरचं मागचं टोक कसं उसळतं, ते पाहायचं असेल तर दुसऱ्याच्या ट्रेलरच्या मागून जरा अंतर ठेवून गाडी चालवा. स्वतःचा ट्रेलर ओढताना ते कधीच दिसत नाही. सायकलींना त्या उसळीत आपल्या वजनाच्या कित्येक पट धक्के बसतात. म्हणूनच थुलेसारख्या नावाजलेल्या रॅक कंपन्यांच्या सूचनांत सर्वसाधारण हिच-रॅक ओढायच्या गाडीवर लावू नका, असं म्हटलेलं असतं. ट्रेलरवर चालतील असे रॅक वेगळे बनतात. हॉलीवूड रॅक्सचा आरव्ही रायडर किंवा स्वॅगमनचे काही रॅक आरव्हीसाठी मान्य म्हणून विकले जातात. ते जड असतात, आणि ते जडच असायला हवेत. शिडीला अडकवायचे रॅक तर पाहूच नका, ती शिडी भिंतीच्या पातळ कवचाला स्क्रूने धरलेली असते.

आणि मग ते शेवटचं वाक्य, ‘हजारो लोक नेतात, काही होत नाही.’ हजारो लोक नेतात हे खरं. बहुतेकांचं काही होत नाही हेही खरं. पण ज्यांचं होतं त्यांना ते कधी कळतं? ट्रेलर आठ फूट रुंद आणि दहा-अकरा फूट उंच असतो. त्याच्या नेमक्या मागे काय चाललंय ते आरशात दिसत नाही. रॅक तिरका झाला, पट्टा सुटला, सायकल एका चाकावर लोंबकळायला लागली, तरी ट्रकमध्ये बसलेल्याला आवाजसुद्धा येत नाही. कळतं ते मागून येणाऱ्या गाडीला. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या २०१६ सालच्या अहवालानुसार, २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे देशात दोन लाखांहून जास्त अपघात झाले. त्यांत सुमारे ३९,००० लोक जखमी झाले आणि पाचशेहून जास्त मेले. यातले जवळजवळ दोनतृतीयांश अपघात गाडीवरून काहीतरी निसटून पडल्यामुळे झाले. त्या वस्तू ज्यांच्या गाड्यांवरून पडल्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी घरी पोचल्यावरही हेच म्हटलं असेल की काही झालं नाही. वॉशिंग्टन राज्यात २००४ मध्ये भाड्याच्या ट्रेलरवरून उडालेल्या फळीने मागच्या गाडीतल्या तरुणीची दृष्टी गेली. २००५ मध्ये त्या राज्याने ओझं नीट न बांधून कुणाला इजा करणं हा फौजदारी गुन्हा ठरवला. हा कायदा आजही तिच्या नावाने ओळखला जातो. सायकल वीस-पंचवीस किलोची असते, धातूची असते, आणि महामार्गावर ती मागच्या गाडीच्या काचेच्या उंचीवरूनच पडते. आपल्या सहलीचा धोका पत्करायचा हक्क आपल्याला आहे असं कुणी म्हणू शकेल, पण मागच्या गाडीतल्या माणसाने तो पत्करलेला नसतो.

मग न्यायच्या कशा? पिकअप ट्रक असेल तर उत्तर सोपं आहे आणि ते डोळ्यांसमोर असूनही लोक टाळतात : ट्रकच्या हौद्यात. तिथलं ओझं ट्रकच्या मागच्या आसावर किंवा किंचित पुढे पडतं, खाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहेत, आरशात अधूनमधून दिसतं, आणि ट्रेलरच्या डोलण्याशी त्याचा काही संबंध येत नाही. पुढचं चाक काढून फोर्क आडव्या दांड्यावर पक्का करता येतो. टेलगेटवर गादी टाकून सायकली अर्ध्या बाहेर लटकवणाऱ्यांनी मात्र एकदा मोकळ्या मैदानात पूर्ण वळण घेऊन बघावं. काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक टेलगेटच्या फार जवळ येतं आणि गॅसच्या टाक्या व जॅक बाहेर लटकणाऱ्या चाकांना भिडू शकतात.

एसयूव्ही असेल तर छप्पर. इथे दोन मर्यादा लक्षात ठेवायच्या. बहुतेक छतांच्या दांड्यांची मर्यादा ७५ किलोच्या आसपास असते आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं. साध्या दोन-तीन सायकली बसतात, ई-बाइक सहसा बसवू नयेत, आणि सत्तावीस किलोची ई-बाइक डोक्याच्या वर उचलणं पाठीसाठी काय असतं ते पन्नाशीतल्या कुणालाही विचारा. दुसरी मर्यादा उंचीची. ट्रेलर ओढताना आपण उंचीचे फलक वाचतोच, पण ट्रेलर कॅम्पवर सोडून संध्याकाळी गावात गेल्यावर पार्किंगच्या कमानीखाली छतावरच्या सायकली विसरल्या जातात.

ट्रेलरच्या आत, चाकांच्या वर, हा पर्याय मला वाटतं सगळ्यांत कमी वापरला जातो आणि तो अन्यायाने मागे पडलेला आहे. जमिनीवर जुनी चटई, पेडल काढून ठेवायची, दोन पट्टे भिंतीतल्या पक्क्या कड्यांना. कॅम्पवर पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सायकली बाहेर येतात. चटईवर चिखल लागतो हे खरं. पण तिथे ठेवलेल्या सायकलींचा डोलण्यावर जवळजवळ काही परिणाम होत नाही, कुणाच्या काचेवर त्या पडत नाहीत, पावसात भिजत नाहीत आणि रात्री चोरीलाही जात नाहीत. ई-बाइकची बॅटरी काढून वेगळी न्यावी, ती तीन-चार किलोंची असते, ते वजन तरी कमी होतं.

टंगवरचा रॅक हा चौथा रस्ता. युरोपात कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांडीवर सायकली नेण्याची पद्धत रुळलेली आहे. तिथे फियामा आणि थुले खास त्यासाठी रॅक बनवतात. अमेरिकेत लिपर्टचा जॅक-इट आणि क्वेबेकच्या आर्विकाचा रॅक गॅसच्या टाक्यांच्या वर बसतात. सायकली आरशात आणि मागच्या काचेतून दिसतात, आणि टंगचा भार वाढतो. पण माझ्या बाजूच्या लोकांनाही इथे एक गोष्ट सांगायला हवी : ही फुकटची जागा नाही. वरच्याच ट्रेलरवर २५ किलोचा रॅक आणि १४ किलोच्या दोन साध्या सायकली ठेवल्या तर टंगवर सुमारे ४६ किलो वाढतात, म्हणजे २७५ चे ३२१ होतात. टक्केवारी साडेतेराच्या वर, ट्रेलरसाठी उत्तम. पण ट्रकच्या दारावरचा तक्ता काय म्हणतो? अनेक एसयूव्ही आणि अर्ध्या टनाचे ट्रक ६४० किलोंच्या आसपास माणसं आणि सामान पेलतात. चार माणसांचे २७० किलो, टंगचे ३२१, हिचच्या सांगाड्याचे ४५. बेरीज ६३६. डब्यांचा कूलर ठेवायलाही जागा उरली नाही. म्हणून टंगवर रॅक लावताना आधी दारावरचा तक्ता वाचायचा, आणि ट्रक अपुरा पडत असेल तर तसं सरळ मान्य करायचं. ट्रेलर आणि ट्रक यांच्या मधे हिचची नळी लांबवून तिथे रॅक बसवायचा उपाय काही जण सुचवतात. नळी लांबली की ट्रकवरचा कल वाढतो, हिचची क्षमता उतरते आणि तीव्र वळणात सायकली दोघांमध्ये चेपतात. तो करू नये.

एका परिस्थितीत मी मागची बाजू मान्य करतो : कारखान्याने चौकटीला बसवलेला रिसीव्हर, त्यावरची मर्यादा लेखी, आरव्हीसाठी मान्य असलेला रॅक, चाकं धरणाऱ्या तबकांत दोन हलक्या साध्या सायकली, आणि सायकलींसकट तोललेला टंगचा भार बारा टक्क्यांच्या खाली नाही. इतकं असेल तर चालेल. जे सरसकट ‘मागे टांगा’ म्हणतात ते यातली एकही अट सांगत नाहीत.

तोलायचं कसं, हे अवघड आहे असं म्हणून जे सोडून देतात त्यांच्यासाठी : महामार्गावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. त्याची वेगवेगळी ताटं ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरची चाकं स्वतंत्रपणे तोलतात. एकदा ट्रेलर जोडून, वजन वाटणाऱ्या दांड्या सोडून तोलायचं, मग ट्रेलर बाजूला उभा करून एकटा ट्रक तोलायचा. ट्रकच्या दोन्ही आसांची बेरीज पहिल्या वेळी जितकी जास्त, तितका टंगचा भार. सायकली लावून आणि काढून असं दोनदा केलं तर कुणाच्याही सल्ल्याची गरज उरत नाही, माझ्यासुद्धा. सगळ्याला अर्धा तास लागतो आणि खर्च पिझ्झाएवढा येतो.

आणि काही ठिकाणी सायकली न नेणंच शहाणपणाचं आहे. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. ट्रेलर तिथे जाऊच शकत नाही आणि भाड्याच्या सायकली धक्क्यावर उतरताच मिळतात. मिसुरीतल्या केटी ट्रेलवर, जी सुमारे २४० मैल लांब आहे, वाटेवरच्या काही गावांत सायकली भाड्याने मिळतात. मेनमधल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानातल्या पंचेचाळीस मैलांच्या घोडागाडीच्या रस्त्यांवर ई-बाइकपैकी फक्त पहिल्या वर्गाच्या चालतात. आपली ई-बाइक दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाची असेल तर हजार मैल शेपटीवर मिरवत नेऊनही ती तिथे उभीच राहणार. ‘आमचं आमच्या सायकलीवाचून चालत नाही’ म्हणणाऱ्याची भावना मला समजते. रोज चालवलेल्या सायकलीची सर भाड्याच्या सायकलीला येत नाही. पण ती भावना वरच्या हिशेबातला एकही आकडा बदलत नाही.

या सगळ्यात ज्यांनी बोलायला हवं ते गप्प आहेत, म्हणजे ट्रेलर बनवणारे. प्रत्येक ट्रेलरवर कायद्याने एक लेबल असतं. त्यावर टायरमधल्या हवेचा दाब असतो आणि सामानाचं वजन अमुक किलो किंवा पौंडांपेक्षा जास्त होऊ नये असं लिहिलेलं असतं. वजन किती, हे ते सांगतं. वजन कुठे ठेवू नये, याबद्दल त्यावर चकार शब्द नाही, आणि बंपरची मर्यादा शोधायला पुस्तिकेची पानं उलटावी लागतात. ती मर्यादा खुद्द बंपरवर, न पुसणाऱ्या अक्षरांत, किलो आणि पौंड दोन्हींत कोरली जावी. रॅक जोडायला मनाई असेल तर तीही तिथेच लिहावी. बंपरचे अ‍ॅडॅप्टर विकणाऱ्याने कोणत्या ट्रेलरवर ते चालत नाहीत याची यादी खोक्याच्या आत लपवू नये, बाहेर छापावी. ट्रेलर विकताना जे दुकान अर्धा तास चादरी, टीव्ही आणि छत्रीची मूठ दाखवण्यात घालवतं, त्याने त्यातली पाच मिनिटं टंगचा भार तोलून दाखवायला द्यावीत, रिकाम्या ट्रेलरचा आणि सायकली लावल्यावरचाही.